चाकाखालचा ठोकळा

मुंबई ते मस्कत, विमानाच्या वाटेने
पंधराशे साठ-सत्तर किलोमीटर.
आयला हा आकडा सांगितला तेव्हा ती
बॉटल मसाल्याच्या बाटलीला चिंधी आवळत होती,
बॅगेत सांडू नये म्हणून.
म्हणाली, आकडा नको. टाइम सांग.

तिकिटावर होतं : इथून चारला, तिथे सव्वापाचला.
"सव्वा तास! मरोळ नाक्यावरून वसईला
याहून जास्ती लागतं."
मी समजावलं, तिकडचं घड्याळ दीड तास मागे चालतं,
खरे पावणेतीन तास लागतात.
तिने येतानाचं तिकीट काढलं, उजेडात धरलं :
तिथून आठला, इथे दुपारी बारा वाजून पाच.
बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
"जावाला सव्वा, नि यावाला चार?"
जेसिंता हसली.
मला काही सुचलं नाही.

आमचं घर सहारगावात, क्रुसाच्या मागे,
विहीर बुजवली त्या गल्लीत.
टर्मिनल तिथून पायी वीस मिनिटं, रिक्षाने चाळीस.
आज्याचं भातशेत कुंपणाच्या आत गेलं.
नेमकं कुठे, हे सांगणारं आता कोणी उरलं नाही,
म्हणून रात्रपाळीत मी कुठेही उभा राहिलो
तरी आमच्याच बांधावर असतो.

काम साधं आहे.
विमान थांबलं की चाकाला ठोकळा लावायचा,
निघताना ओढून घ्यायचा.
रबराचा, पिवळ्या पट्ट्याचा, दोरी बांधलेला.
लोकांना वाटतं, विमान उडालं की प्रवास सुरू.
नोंदवहीत तो आधीच सुरू झालेला असतो,
ठोकळा निघतो, चाक इंचभर हलतं, तेव्हा.

येतानाचं तिने सांगितलं होतं :
खिडकीतून समुद्र संपला, जुहू आलं,
मग आमची कौलं, तिला तरी वाटलं आमचीच,
आणि विमान थांबलंच नाही.
पार कल्याणच्या अंगाला नेऊन वळवलं
आणि घाटकोपरच्या टेकड्यांवरून उतरवलं.
"घर दिसलं नि मागे गेलं रे.
दोन वर्षं काढली, ती शेवटची मिनिटं निघेनात."
सरळ रेषेच्या हिशेबात
हे वळण धरत नाहीत.

तिच्या परतीच्या रात्री मी पाळी मागून घेतली नव्हती.
यादीत नावच तसं आलं.
मागची दारं बंद झाली, ट्रॅक्टर लागला,
तांडेल साहेबाने अंगठा वर केला.
सतराव्या रांगेत ती असणार, पंखाच्या जवळपास.
अशा वेळी वर बघायचं नसतं. चाकाकडे बघायचं असतं.
मी वाकलो.
खरं सांगतो, मुद्दाम थांबलो-बिंबलो नाही.
दोरीला पीळ पडला होता, तो सोडवला,
पीळ सोडवायला लागतात तेवढेच सेकंद लागले.
चार वाजून सात.
उशिराचं कारण : एक बॅग.
कोणाची ते कळलं नाही.

पाळी सुटल्यावर नळाखाली हात धरले.
तळव्यावरचा काळा डाग साबणाने जात नाही, रॉकेलने जातो.
एव्हाना तिकडे कोणीतरी उभा असेल,
कानांवर माझ्यासारखेच मफ, पायाशी तसलाच ठोकळा.
मलबारातला असेल, नाही तर बलुची.
त्याला नाईट भत्ता किती मिळतो कोण जाणे.
त्याने चाकाखाली ठोकळा सरकवला
की मी सुरू केलेलं संपतं.
पंधराशे किलोमीटरांच्या दोन्ही टोकांना
आम्ही दोघे असे वाकलेले,
आणि एकमेकांचं नावही माहीत नाही.

सातला फोन आला. आयने स्पीकर लावला.
"पोचले. इथे आता साडेपाच."
आयने भिंतीकडे बघितलं, मग दारातल्या उन्हाकडे.
"मंग नीज जरा," म्हणाली.
"दीड तास हाय तुझ्याकडं."